पर्याय शून्य : येतो

सोमवार, ६ एप्रिल १९८७

पोचलो एकदाचा अणदूरला, आणि मशीनही धडधाकट पोचलं! सोलापूरपासून एसटीत मॉनिटरचं खोकं मांडीवर धरून बसलो होतो. अख्ख्या गाडीला तो टीव्हीच वाटत होता. शेजारच्या आजोबांनी तर ह्यात पाऊस कधी पडणार ते दिसतं का, असंही विचारून घेतलं. दिसलं असतं तर मीच आधी पाहिलं असतं. सोलापूर सुटल्यापासून रस्त्याच्या दोन्ही बाजूंना हिरवं म्हणून काही नाही.

आमचं गिऱ्हाईक म्हणजे इथला तेलबिया संघ. सभासदांची करडई आणि शेंगा घ्यायच्या, गाळायच्या, तेल विकायचं. दोन वर्षं पिकंच नाहीत, त्यामुळं गिरणी निम्मी बंद आहे. पण कुठल्याशा योजनेतून कॉम्प्युटर मात्र मंजूर झाला. हेडक्लार्क आबाराव हार घेऊन फाटकात उभे होते. हार मशीनला होता, मला नाही. मी म्हणालो, नारळ फोडून टाकू. त्यांनी कानाला हात लावला. ‘फोडू न्हाय साहेब, वाढवू म्हना.’ हे आमच्या पुण्यातही आहे, पण इथं शब्दांचं सोवळं जरा जास्तच दिसतंय.

खोली फर्स्टक्लास मिळाली. पूर्वीचं पंपघर आहे. मागच्या भिंतीपलीकडं संघाची विहीर, दोन वर्षांपासून कोरडी. तिकडचं दार बंद करून पुढं लोखंडी कपाट लावलंय. बाहेर माणसं भाजून निघतायत आणि आत माठाजवळ बसल्यासारखा गारवा. मशीनला आणखी काय हवं?

काम सोपं आहे. चेअरमनसाहेब एक मेला उद्घाटन करणार, तोवर चांगुणाला मशीन एकटीनं चालवता यायला हवं. चांगुणा म्हणजे इथली ऑपरेटर. मॅट्रिक झालेली, पंचविशीच्या आतली, विधवा. नवरा संघातच होता, त्याच्या जागी अनुकंपेवर हिला घेतलं. आतापर्यंत झाडलोट आणि पाणी भरणं हेच काम होतं. आबारावांनी तिच्यादेखतच मला सांगितलं की जमलं तर ठीक, नाही तर सोलापूरचा एक शिकलेला पोरगा तयार आहे, बाई परत घागरीवर जाईल. ती नुसती की-बोर्डाकडं बघत राहिली.

राहायला उमाबाईंकडं एक खोली मिळालीय. एकट्याच असतात, साठी ओलांडलेल्या. संध्याकाळी फेरफटका मारायला निघताना सहज ‘जातो’ म्हणालो, तर मला उंबऱ्यावरून परत बोलावलं, ‘येतो’ म्हणायला लावलं आणि मग स्वतः ‘या’ म्हणाल्या. चुलीपुढून, माझ्याकडं न बघता. त्यांच्या दारातून ‘या’ ऐकल्याशिवाय कुणी गेलेलं नाही म्हणे. आवडल्या मला बाई.

बुधवार, ८ एप्रिल

मेन्यू तयार झाला. स्वतःची पाठ स्वतः थोपटतो.

या मशीनला नुसतं चालू केलं की काळ्या पडद्यावर एक छोटी रेघ लुकलुकते आणि ते गप्प बसतं. पुढची आज्ञा तुम्ही इंग्रजीत, बिनचूक लिहायची. चांगुणाला तेवढं सगळं पाठ करायला लावणं म्हणजे पाप. म्हणून मी मशीन सुरू होताच पडद्यावर यादी येईल असं केलं : १ वजनकाटा, २ गोदाम, ३ पगार, ४ सभासद, आणि शेवटी ० एक्झिट. मराठी, पण इंग्रजी अक्षरांत. याला देवनागरी येत नाही. आकडा दाबायचा, एंटर मारायचं, की त्या आकड्याच्या नावाची छोटी आज्ञा-फाइल चालते आणि हवा तो प्रोग्रॅम उघडतो.

शून्य सर्वांत महत्त्वाचं. आतली तबकडी फिरत असते आणि तिच्यावर एक सुई तरंगत असते. शून्य दाबलं की सुई बाजूला जाऊन बसते. मगच वीज बंद करायची. तसंच बटण बंद केलं तर सुई तबकडीवर आपटते आणि सगळं मुसळ केरात. हे मी तीनतीनदा समजावलं. चांगुणा हुशार आहे, दुपारपर्यंत चारही प्रोग्रॅम उघडून दाखवले. आबारावांना मात्र ‘एक्झिट’ हा शब्द काही तोंडात बसेना. बरं, मराठी शब्द टाकतो म्हणालो. ‘० जातो’ असं केलं. सगळं तपासूनच उठलो. तपासल्याशिवाय मी काही सोडत नाही.

शुक्रवार, १० एप्रिल

डोकं फिरलंय. दोन दिवस कुणीही शून्य दाबत नाहीय!

काल संध्याकाळी आबारावांनी सरळ भिंतीवरचं मेन बटण बंद केलं. आज चांगुणा उठून उभी राहिली, हात मागं घेतले आणि मला दाबायला सांगितलं. तबकडीवरचे दोन भाग वाचता येईनासे झालेत. मी ओरडलो. दोन अक्षरांसाठी एवढं महाग मशीन मारायचंय का? त्यावर आबाराव हळूच म्हणाले, ‘साहेब, दुसरीकडं कुटं बी म्हना. ह्या खोलीत त्यो शबुद नगं.’

का नको, ते सांगत नाहीत. चांगुणा खाली बघते. मी शास्त्र शिकलेला माणूस, आणि माझा सगळा दिवस एका क्रियापदाशी भांडण्यात गेला.

शेवटी हात टेकले. ‘० येतो’ केलं. शून्य दाबलं की सुई बाजूला बसते आणि पडद्यावर नुसतं ‘येतो’ उमटतं. आबारावांचा चेहरा खुलला. आता मशीन माणसात आलं म्हणाले.

सोमवार, १३ एप्रिल

एक दुखणं बरं केलं की दुसरं हजर. चांगुणा शून्य दाबते, पडद्यावर ‘येतो’ येतं, आणि ही बाई त्यापुढं ‘या’ टाइप करून एंटर मारते.

पहिल्यांदा मला हसू आलं. बरोबरच आहे की. कुणी येतो म्हणालं की आपण या म्हणतो. मशीन काय, माणूस काय. पण मशीनला ‘या’ नावाची आज्ञा ठाऊक नाही, ते उलट लिहितं : बॅड कमांड ऑर फाइल नेम. आबारावांना त्यातला ‘बॅड’ तेवढा वाचता येतो. रोज संध्याकाळी मशीन बाईला बॅड म्हणतंय, म्हणजे बाईच चुकतेय, असा त्यांनी निकाल लावला. आज सोलापूरला निरोप धाडायची भाषा केली.

मी चांगुणाला बाजूला घेऊन विनवलं की बाई, उत्तर देऊ नकोस, ते यंत्र आहे. ती हो म्हणाली. संध्याकाळी पुन्हा तेच. बोटं आपोआप जातात म्हणे. तिचे डोळे भरले होते, त्यामुळं मला रागावताही येईना. एका ‘या’पायी हिची नोकरी जाणार, आणि ठपका माझ्या मेन्यूवर.

मंगळवार, १४ एप्रिल

आंबेडकर जयंतीची सुट्टी. चांगुणा वस्तीतल्या मिरवणुकीला गेली असणार. मी किल्ली मागून घेतली आणि खोलीत एकटाच बसलो. उपाय सकाळी दात घासताना सुचला, इतका सोपा की स्वतःलाच शिव्या दिल्या.

माणूस बदलत नसेल तर मशीन बदलायचं. ‘या’ याच नावाची एक आज्ञा-फाइल केली. आत काही नाही, फक्त पडदा पुसायचा. आता ‘या’ म्हटलं की मशीन तक्रार करणार नाही, निमूट ऐकेल. ‘या’ ही आजपासून खरी आज्ञा.

मग तपासलं. शून्य, येतो, या. शून्य, येतो, या. पाच-पन्नास वेळा तरी केलं असेल. मजा वाटायला लागली होती. शेवटी शेवटी तर मोठ्यानं म्हणत होतो, ‘या, या, या की राव.’

खोली आज फारच गार होती. बाहेर उन्हात आल्यावर बरं वाटलं.

गुरुवार, १६ एप्रिल

काल आणि आज, दोन्ही संध्याकाळी सुरळीत. चांगुणानं ‘या’ लिहिलं, पडदा साफ झाला, ‘बॅड’ आलं नाही. आबाराव खूष. पण ती पडद्याकडं बघून दचकली. हे चाललं कसं, विचारलं. मी केलं म्हणालो, ऐटीत. तिचा चेहरा पांढरा पडला. कौतुकाचा एक शब्द नाही. या गावात उपकार करायची सोय नाही.

आणि की-बोर्ड ओला कुणी केला? सकाळी आलो तर कळांच्या फटींतून पाणी. उलटा करून वाळवला. शिपायाला झापलं, तर तो म्हणाला टँकर चार दिवसांतून येतो, प्यायला मिळत नाही, सांडायला कुठून आणू? बोलणं बरोबर होतं, म्हणून आणखी चिडलो.

शनिवार, १८ एप्रिल

पुन्हा पाणी. आज जमिनीवर, कपाटापासून खुर्चीपर्यंत. पाणी कसलं, काळा गाळ. दोन फ्लॉप्या गेल्या, त्यांत पगाराची एकुलती एक प्रत होती. मी इथं नक्की काय म्हणून आलोय? इंजिनियर की फरशी पुसणारा?

फरशी खरंच मीच पुसली. चांगुणा उंबऱ्याच्या आत येईना. मागच्या दाराला ओल असेल म्हणून कपाटामागं वाकून पाहिलं. दार कोरडं, कडी लावलेली, कडीवर धूळ. धुळीला कुणाचा हात लागलेला नाही.

वास जात नाहीय. साचलेल्या पाण्याचा. या मुलखात पाणी साचलंय कुठं?

सोमवार, २० एप्रिल

आज भर दुपारी, मी गोदामाचा प्रोग्रॅम दुरुस्त करत असताना, पडदा आपोआप काळा झाला आणि मधोमध आलं : येतो.

मी शून्य दाबलं नव्हतं. हात मांडीवर होते. वरपासून खालपर्यंत प्रत्येक ओळ तपासली, चूक सापडली नाही. मग वाटलं आबारावच टिंगल करतायत. जाऊन त्यांना खडसावलं. म्हातारा रागावला नाही. त्यानं दार लोटून घेतलं आणि सांगितलं.

पंप चालवायला श्रीमंत नावाचा माणूस होता, चांगुणाचा नवरा. पाणी खाली गेलं की ‘फुटबॉल’ गाळात अडकायचा. विहिरीत फुटबॉल कुठून आला म्हणून मी वेड्यासारखं विचारलं. पाइपाच्या तळाची झडप, फूटव्हॉल्व्ह. तो सोडवायला श्रीमंत उतरायचा. विहिरीत उतरणाऱ्यानं ‘येतो’ म्हणायचं, वर दोर धरणाऱ्यानं ‘या’ म्हणायचं, मगच पाऊल खाली टाकायचं. ही इथली पिढ्यांची रीत. त्या दिवशी तो घरून भांडून आला होता. चांगुणा डबा घेऊन काठावर आली, तिथंही शब्दाला शब्द झाला. तो ‘जातो’ म्हणाला आणि उतरला. ‘जातो’ला ‘या’ कसं म्हणायचं? कुणीच काही बोललं नाही. दरड त्याच्या अंगावर आली.

मला वाईट वाटलं. खरंच वाटलं. पण यात माझ्या प्रोग्रॅमचा काय संबंध, हेही मी म्हणालो.

मंगळवार, २१ एप्रिल

चांगुणानं काम सोडलं. उंबऱ्याबाहेर उभी राहूनच सांगितलं. सोलापूरच्या पोराला आणा, मी रोजगार हमीवर खडी फोडीन. मी हातापाया पडलो म्हटलं तरी चालेल. इतकं छान शिकली होती! एक मेला दहा दिवस राहिलेत आणि मी नवा माणूस कुठून उभा करू?

तेव्हा ती बोलली. तिचे शब्द जसेच्या तसे लिहितो, कारण डोक्यातून जात नाहीयत.

‘म्या रोज या म्हनत हुते, साहेब. त्या दिशी म्हनले न्हाय, म्हनून. पन मशीन म्हनायचं, ही आज्ञाच खोटी. चालायचं न्हाय, त्येच बरं व्हतं. माझ्या मनाला तेवढंच. चालतं तुमी केलं. आन् चालतं झाल्यावर पयल्यांदा या म्हनून बोलावलं बी तुमीच, म्या त्या दिशी हितं नव्हते.’

मी विचारलं, मग आला असेल तर तुझाच माणूस ना, भ्यायचं कशाला?

‘ते आमचे मालक न्हायत. मालक पाय पुसल्याबिगर उंबऱ्याच्या आत कंदी आले न्हायत. हे दुसरंच हाय. विहिरीतलं हाय. मालकांची बोली तेवढी उचललीय. आन् ते माज्याकडं येत न्हाय, साहेब. ज्यानं बोलावलं त्येच्याकडं येतंय.’

जाताना म्हणाली की आता कुणी बी येतो म्हटलं तर तोंड उघडू नका. आणि कुणाला उघडू देऊ नका. स्वतः काहीही न म्हणता गेली. येते नाही, जाते नाही.

बुधवार, २२ एप्रिल

भीती वाटतेय. लिहून टाकलं, झालं.

‘या’ची फाइल पुसली. शून्याचा पर्यायच काढून टाकला. यादी पाहिली, चारच ओळी. मग फाइल खरंच गेली का ते बघायला — सवय, मेली सवय — ‘या’ टाइप केलं आणि एंटर मारलं.

‘बॅड’ यायला हवं होतं. मी कधी नव्हे ती त्या शब्दाची वाट बघत होतो.

आलं नाही. पडदा साफ झाला. निमूट.

मागं कपाट सरकल्याचा आवाज. मी वळलो नाही. चपला तिथंच टाकून बाहेर आलो.

गुरुवार, २३ एप्रिल

गेलो नाही. आबारावांनी माणूस पाठवला. खोलीला कुलूप लावलंय, मशीनची वायर काढलीय. तरी खिडकीतून पडद्यावर उजेड दिसतो म्हणे. काय लिहिलंय ते वाचता येत नाही त्याला. मला न वाचता कळतं.

कपाट बाजूला झालंय. गाळाची पावलं पुढच्या दारापर्यंत आहेत. दाराच्या आतून —

पुण्याला तार केली. आजारी आहे, निघतोय. नोकरीचं काय होईल ते होवो. चांगुणाच्या नोकरीचं मात्र मीच वाटोळं केलं. चांगलं करायला गेलो आणि —

शुक्रवार, २४ एप्रिल

दिवेलागण. उद्या पहिल्या गाडीनं सोलापूर. सामान बांधून झालं.

पायऱ्या ओल्या आहेत. टँकर आज आलाच नाही.

उमाबाईंना अजून काही सांगितलेलं नाही. काय सांगू? पुण्याचा शिकलेला माणूस, आणि म्हणतो की बाई, कुणी येतो म्हणालं तर गप्प बसा. हसतील. दोनदा स्वैपाकघराच्या दारापर्यंत गेलो, लाज वाटली, परत आलो.

वास. तोच.

दाराला कडी आहे. कडीचा काय उपयोग — नाही, आहे. तो विचारल्याशिवाय येत नाही. प्रत्येक वेळी विचारूनच आलाय. प्रत्येक वेळी मीच — म्हणजे कुणी उत्तर दिलं नाही तर बाहेरच राहील. गप्प राहायचं. एवढंच.

चुलीपुढं उमाबाई भाकरी थापतायत. ऐकू येतंय. माझ्यासाठीच, प्रवासाला.

सांगायलाच हवं. हसेनात का. आत्ता उठून —

बाहेर कुणीतरी —

‘येतो.’

गोड आवाज. अगदी घरच्यासारखा.

थापणं थांबलं. बाई, नका — ओरडायचंय, आवाज फुटत नाही — उमाबाई, पाठमोऱ्याच, हात पिठात, बघितलंसुद्धा नाही, सवयीनं तोंड उघ